कर्नाळ्याखालची टोळी

कलकत्ता,
१४ जानेवारी १९५७

चि. वेणूस कमळाकरदादाचा आशीर्वाद.

आज संक्रांत. इथे तिळगूळ देणारं कुणी नाही, म्हणून तुला पत्र लिहायला बसलो. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की तुझे शेठ तुला पगार देऊन गावोगावची माकडं बघायला का पाठवतात? तर ऐक. शेठना ठाण्याच्या पुढच्या आपल्या जमिनीवर प्राणिबाग काढायची आहे, आणि तिच्यातलं माकडांचं घर आपल्या देशात दुसरीकडे नाही असं हवं आहे. ते काम माझ्याकडे आलं. मग आधी सगळीकडचं बघून घ्यायला नको?

बडोदा आणि लखनौ झालं, आता कलकत्ता. इथे आसामातले गिबन आहेत. शेपूट नाही, आणि हात एवढे लांब की उभे राहिले तर जमिनीला टेकतील. सकाळी नर आणि मादी मिळून ओरडतात. रखवालदार म्हणाला, ते भांडण नाही, गाणं आहे. मी पाऊण तास ऐकत उभा होतो. लखनौला लाल तोंडाची माकडं पिंजऱ्यात, आणि बाहेरची मोकळी माकडं त्याच पिंजऱ्यावर बसून आतल्यांचे चणे पळवतात. आणखी एका शहरात, नाव लिहीत नाही, एकटा चिंपांझी आहे. लोक त्याला विडी देतात आणि तो ओढतो. सगळे हसतात. मी तिथे दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जाववलं नाही.

तुला राणीची बाग आठवते? तू सहा-सात वर्षांची असशील. पाय दुखला की माझ्या पाठीवर बसायचीस आणि माकडांसमोरून हलू द्यायची नाहीस. तेव्हा विचारलं होतंस, की यांना गजाशिवाय ठेवता येत नाही का. येतं, वेणू. मी कागदावर टेकडी काढली आहे. भोवती पाण्याचा खंदक, वर चिंचेची आणि उंबराची झाडं, आणि गज एकही नाही. शेठना चित्र पसंत पडलं आहे.

आत्याला नमस्कार सांग.

तुझा
कमळाकरदादा


पनवेल,
३ फेब्रुवारी १९५७

ती. दादास वेणूचा सा. नमस्कार.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. गिबन गातात हे तिला खरं वाटत नाही.

आता मी काय पाहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात शाळेच्या मुलींना घेऊन पुण्याला पेशवे पार्कात गेले होते. मुली हत्तीकडे पळाल्या, मी माकडांपाशी थांबले. दोन माद्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, एक कोकणातून आलेली, दुसरी साताऱ्याकडची, अजून त्यांचं जमत नाही. ते ऐकल्यापासून वाटतं आहे, की आपण बागांत माकडं जमवतो ती पोस्टाची तिकिटं जमवावीत तशी, इथलं एक आणि तिथलं एक. माकड काही एकट्याने राहायचा प्राणी नव्हे. त्याला आई, मावशी, भावंडं लागतात. तुझ्या टेकडीवर नुसते गज नसून भागायचं नाही. घरची माणसं हवीत.

हे लिहायला कारण आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याशी माझ्या वर्गातल्या मालूचं घर आहे. तिचा बाप तुळशीराम वाल आणि काकड्या करतो. तिथे माकडांची एक मोठी टोळी येते. आपल्या बाजूची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असतात ती. रविवारी एस.टी.ने जाऊन मी त्यांना बघत बसते. टोळीत एक म्हातारी आहे, तिचा कान फाटलेला. ती उठली की सगळे उठतात. यंदा त्यांनी वालाचा मळा निम्मा ओरबाडला, आणि गावाने उरणहून बंदूकवाला आणायचं ठरवलं आहे. तुळशीराम मला म्हणाला, "बाई, आमी काय करू? त्यांचा प्वाट हाय तसा आमचा बी हाय." त्याचंही चुकीचं नाही.

दादा, ही अख्खी टोळी तुझ्या टेकडीला नेता येईल का? म्हातारीसकट, पोरांसकट, कुणाला न तोडता? अशी बाग तू एवढ्या गावांत कुठे पाहिली आहेस का?

तुझी
वेणू


म्हैसूर,
१० मार्च १९५७

चि. वेणूस आशीर्वाद.

नाही पाहिली. तुझं पत्र फिरत फिरत इथे पोचलं आणि मी ते खिशात घेऊन हिंडतो आहे. मद्रास झालं, म्हैसूर आज संपलं. इथे दक्षिणेतलं काळं माकड बघितलं. तोंडाभोवती आयाळ आणि शेपटीला सिंहासारखा गोंडा. जागा ऐसपैस, झाडंही जुनी. तरी तू म्हणतेस ती गोष्ट इथेही नाही. अख्खं घर कुठेच नाही. मी जन्मभर पिंजरे मोजले असते, हे मला सुचलं नसतं.

तेव्हा टोळी घ्यायची. शेठशी बोलणं झालं आहे. मे महिन्यात लॉरी आणि पिंजरे पाठवतो. बंदूकवाल्याला गावाने थांबवावं. पकडायला तिथला माहीतगार माणूस बघ, कुणाला इजा व्हायला नको. एक माहिती लवकर कळव. टोळीत माद्या किती, आणि चार ते सहा पौंडांच्या आसपासची पोरं किती? पिंजऱ्यांची मापं त्यावर ठरतील.

गावच्या लोकांना तूच सांग. तुझा शब्द ते मानतील.

कमळाकरदादा


पनवेल,
१९ मे १९५७

ती. दादास सा. नमस्कार.

लॉरी काल गेली. तुझ्या माणसांनी सांगितलं असेलच, पण मला सगळं लिहायचं आहे.

पकडायला गोमाशिवाय दुसरा माणूस नव्हता. गोमा कातकरी, डोंगराच्या कडेला त्याची झोपडी. त्याची बायको चिंगी कधीमधी आपल्याकडे मध घेऊन येते. गोमा आधी नाहीच म्हणाला. त्यांच्यात माकडाला मारत नाहीत. रामाच्या वेळी जी वानरं लढली, त्यांच्यातलेच आपण, असं तो मानतो. मी म्हटलं, मारायचं नाहीच, उलट बंदुकीतून वाचवायचं आहे. मग मी त्याला तुझी टेकडी मातीत काठीने काढून दाखवली. हा खंदक, ही झाडं, इथे खायला घालतील. तो त्या रेघांपाशी उकिडवा बसला. मग एवढंच म्हणाला, "बाई, तुमी सांगता म्हून करतो."

आठवडाभर त्याने एका मोठ्या खोपीत रोज काकड्या आणि शेंगा ठेवल्या, दार उघडं ठेवून. टोळीला सवय झाली. मग एके सकाळी दोरी ओढली. म्हातारी आत होती, म्हणून बाकीचे आपोआप आत होते. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. पिंजऱ्यांत घालताना मात्र मला बघवलं नाही. तुझ्या माणसांनी लहान वेगळे आणि मोठे वेगळे भरले. मी म्हटलं, आयांपाशी ठेवा. ते म्हणाले, वाटेत चेंगरतील, तिकडे गेल्यावर एकत्र सोडू. मला पटलं.

लॉरी निघाली तेव्हा चिंगी रडली. मी तिला सांगितलं, पावसाळा गेला की तुम्हा दोघांना टेकडी दाखवायला नेईन. आता ते तुझ्यावर.

पोचल्याचं लगेच लिही. म्हातारी खाते आहे का तेही लिही.

तुझी
वेणू


मुंबई,
२ जुलै १९५७

चि. वेणूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कामात होतो. सगळे नीट पोचले. टेकडीचं काम पावसामुळे थांबलं आहे, तोवर त्यांना मोठ्या जाळीघरात ठेवलं आहे. म्हातारी खाते. इतक्यात येऊ नका, नव्या जागेत माणसं बघून ती बिथरतात.

मध्यंतरी परदेशी बागांवरचं एक पुस्तक चाळायला मिळालं. तिकडे जर्मनीत फार वर्षांपूर्वीच खंदकाची टेकडी केली आहे म्हणे. चित्रं सुंदर आहेत. आपल्याकडे लोकांना विडी देण्याची खोड आहे तोवर कठीणच वाटतं. असो.

आत्याच्या खोकल्याला अडुळसा चालू ठेव.

कमळाकरदादा


पनवेल,
१० नोव्हेंबर १९५७

कमळाकरदादास,

ऑगस्टपासून तीन पत्रं टाकली, तुझं एकही आलं नाही. दिवाळी झाली आणि गोमा-चिंगी दारात येऊन उभे राहिले. अंगावर धुतलेले कपडे. चिंगीच्या फडक्यात करवंदाच्या वड्या होत्या, म्हातारीसाठी. मी त्यांना काय सांगणार होते? शब्द दिला होता, निघाले.

मोऱ्याच्या बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो. गोमा पहिल्यांदाच मुंबईत आला होता. आधी त्यांना राणीच्या बागेत नेलं, म्हटलं दुसऱ्या बागा कशा असतात ते कळू दे, म्हणजे दादाची टेकडी बघताना फरक समजेल. गोमा प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबून विचारी, याचे घरचे कुठं हायत? मी त्याला सांगत होते, आपल्या टेकडीवर सगळे एकत्र आहेत.

मग ठाण्याच्या पुढे, तू लिहिली होतीस त्या जागी गेलो. तिथे गवत आहे, दादा. गवत, आणि एका मारवाड्याच्या म्हशी. तिथल्या राखणदाराने सांगितलं, की जागा होळीच्या आधीच विकली गेली. शेठचं काम आता विमानतळाच्या बाजूला चालतं. त्याने खूण सांगितली, आम्ही तिथे गेलो.

पत्र्याची एक लांब शेड. बाहेर लाकडी खोकी रचलेली, त्यांवर इंग्रजीत परदेशातले पत्ते रंगवलेले. खोक्याखोक्यांतून बोटं बाहेर आलेली. कुठल्या कुठल्या रानातली माकडं होती कोण जाणे, पण आपली नव्हती. आत जगन नावाचा तुमचा कारकून होता. मी तुझी बहीण म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली आणि सगळं सरळ सांगितलं. त्यात काही लपवण्यासारखं आहे असं बिचाऱ्याला वाटलंच नाही. कर्नाळ्याची पोरं फार चांगल्या जातीची निघाली, जूनमध्ये विमानाने गेली, तिकडच्या कारखान्यात त्यांच्यापासून लस करतात. मी विचारलं, परत कधी येतात? तो म्हणाला, बाई, मूत्रपिंडं काढून घेतात.

मी विचारलं, आणि मोठी? म्हातारी? मोठी तिकडे घेत नाहीत, तो म्हणाला. मग त्यांचं काय केलं, यावर तो चहा सांगायला उठला.

गोमा दारातच उभा होता. त्याला मराठी कळतं, दादा. सगळं कळलं. लाँचमध्ये चिंगीने वड्यांचं फडकं उघडलं आणि पाण्यात सोडलं. मोऱ्याला उतरल्यावर गोमाने एकच विचारलं. "बाई, तुमाला ठावं व्हतं?"

मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. त्याला ते खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. चार दिवस मी त्याची ती मान आठवते आहे.

आता मला गिबन आणि जर्मनी लिहू नकोस. एवढंच लिही, की म्हैसूरहून पत्र टाकलंस तेव्हा जागा विकली गेली आहे हे तुला माहीत होतं का?

वेणू


मुंबई,
२४ नोव्हेंबर १९५७

चि. वेणूस,

माहीत होतं. शेठनी मद्रासलाच तार करून कळवलं होतं, की बाग रद्द, दुसरा धंदा बघतो आहे, राहायचं तर राहा. सहा महिने मी देशभर हिंडलो होतो. टेकडीच्या चित्राची सुरळी माझ्या बॅगेत होती. अशा वेळी तुझं पत्र हातात पडलं. माझ्या जागी तू काय केलं असतंस मला माहीत नाही.

जगनने तुला अर्धंच सांगितलं. ही लस कशाची आहे विचारलंस का? पोलिओची. तुझा पाय ज्या तापाने गेला, त्याची. तिकडे लाखो मुलांना टोचतात, आणि एकेका माकडापासून किती मुलं वाचतात ऐकलंस तर तुझा राग उतरेल. ती टोळी उरणच्या बंदुकीने मेलीच असती, मातीत गेली असती. आता तिच्यामुळे कुणाची तरी मुलगी शाळेत धावत जाईल. मी खोकी भरताना तुझा पाय डोळ्यांपुढे ठेवला होता. दुसऱ्या कुणी मला दोष दिला तर मी ऐकून घेईन, पण तू?

जमलं तर शांतपणे विचार कर. आणि रागाच्या भरात गावात काही बोलू नकोस. त्या बाजूला अजून टोळ्या आहेत, आणि सगळीकडे पिकांची तीच रड आहे. लोकांचाही त्रास जाईल आणि कामही चांगलं होईल. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, एवढं तर तू बघितलंस.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. तिला उगाच त्रास.

कमळाकरदादा


पनवेल,
२ फेब्रुवारी १९५८

श्री. कमळाकर गुप्ते यांस,

आपलं पत्र मिळून दोन महिने झाले. लगेच लिहिलं असतं तर वेडंवाकडं लिहिलं असतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, कमळाकरने असं केलं नसेल, नीट विचार. मी आपलं पत्र तिच्यापुढे वाचलं. तेव्हापासून ती आपलं नाव काढत नाही. तिच्या भावाचे आपण एकुलते एक.

लशीबद्दल. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी मुलगी माझ्यासारखी चालत येते, आणि ती बाकावर बसेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. आपण मार्च महिन्यात मला खरं लिहिलं असतंत, की बाग बुडाली, लशीसाठी माकडं हवी आहेत, तर मी काय उत्तर दिलं असतं? खरंच माहीत नाही. रात्रभर जागले असते. कदाचित हो म्हटलं असतं. मग गोमाकडे जाऊन त्याला तेच खरं सांगितलं असतं, आणि हो-नाही त्याने ठरवलं असतं. आपण मला ती रात्रही दिली नाहीत आणि गोमाला ते उत्तरही. माझा पाय आपल्याला मद्रासला आठवला नाही, म्हैसूरला आठवला नाही. मी शेडमध्ये जाऊन आले, त्यानंतर आठवला.

आता इकडचं. कोणाशी काही बोलू नकोस, असं आपण लिहिलं होतंत. मी तुळशीरामला सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "जाऊ द्या बाई, वाल तर राहिला." यंदा त्याचा मळा शेंगांनी लगडला आहे. हौसाने, त्याच्या बायकोने, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावली आणि मला बोलावलं. गावातल्या दहा-बारा जणांनी माझे आभार मानले, आणि मी ताटातल्या शेंगा सोलत बसले. गोमा आला नव्हता. चिंगी आता मध दुसऱ्या आळीत विकते. माझ्या दारावरून जाते, वर बघत नाही.

त्याच पोपटीला पलीकडच्या गावातले दोघे आले होते. त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, की आमच्याकडेही बाईंची लॉरी येणार आहे. मी विचारलं, कोणाची? म्हणाले, तुमची. मुंबईहून माणूस आला होता, तो म्हणाला मला वेणूबाईंनी पाठवलंय, माकडांसाठी टेकडी बांधली आहे, तिकडे नेणार.

त्या रात्री मी आपल्यावर रागावले नाही, रडलेही नाही. आपण जे लिहून मला फसवलंत ते, मनाची समजूत घालून, एका माणसाची घसरण म्हणता आलं असतं. पण आपण तीच टेकडी पुन्हा काढलीत. या वेळी माझं नाव घालून.

दुसऱ्या दिवशी मी गोमाकडे गेले. तो बाहेर आला नाही. मी झोपडीसमोर उभं राहून आतल्या काळोखाला सांगितलं, की तो माणूस आता इतर गावांत जातो आहे, माझ्या नावाने जातो आहे, आणि मी त्या गावांना खरं सांगायला निघाले आहे. डोंगरातल्या वाड्यांच्या वाटा मला ठाऊक नाहीत. एवढं बोलून वळले. बांधापाशी पोचले तेव्हा मागे पावलं वाजली. तो पुढे झाला. माझ्या चालीने चालत होता.

महिनाभर रविवार आणि सुट्ट्या अशाच गेल्या. प्रत्येक गावात लोक जमतात, मी सांगते, की माकडं आमच्या गावाने दिली, मी दिली, टेकडी कुठेही नाही, ती परदेशी मारायला नेतात. लसही सांगते. काही लपवत नाही. कुणी म्हणतं, तरी नेऊ दे, पीक वाचेल. ते त्यांचं त्यांनी ठरवावं, निदान खरं ऐकून. पण बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. मी बोलून थांबले की लोक गोमाकडे बघतात आणि विचारतात, बाई सांगते ते खरं हाय का? आणि गोमा म्हणतो, "खरं हाय. बाईलाबी ठावं नव्हतं."

गेल्या मंगळवारी आपली लॉरी आली होती. खोकी रिकामी घेऊन डोंगराखाली सकाळपासून दुपारपर्यंत हिंडली. पुढची वाट दाखवायला एकही माणूस घराबाहेर आला नाही.

वेणू कर्णिक